पॅटिस : पारी आणि सारण यांची कुळकथा

मुंबईच्या उपनगरांत ‘पॅटिस’ या एकाच नावाने दोन भिन्न पदार्थ खाल्ले जातात. वर्सोव्यात यारी रोडच्या किंवा सात बंगल्याच्या बाजूला बेकरीत मिळणारे पॅटिस म्हणजे मैद्याच्या पापुद्र्यांचे, भट्टीत भाजलेले आणि आत भाजी, कोंबडी वा खिमा भरलेले चौकोनी किंवा त्रिकोणी पाकीट असते; घरगुती समारंभात पाहुण्यांच्या हाती पेल्याबरोबर दिली जाते ती त्याचीच एका घासाची आवृत्ती. त्याच परिसरात एकादशीला खाल्ले जाणारे पॅटिस मात्र बटाट्याचे आणि तळलेले असते. पीठ, आकार, भाजण्याची रीत यांपैकी काहीही समान नसताना नाव समान का, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे की इंग्रजीत कोणत्याही चपट्या, गोल वडीला ‘पॅटी’ म्हणतात आणि बटाट्याच्या वडीला तेच नाव चिकटले. हे उत्तर उपासाचे पॅटिस मोडून न पाहता दिलेले आहे. ते मोडले की आत ओला नारळ, शेंगदाण्याचे कूट, मिरची, कोथिंबीर आणि बेदाणे यांचे सारण निघते, म्हणजेच त्याची रचना बेकरीतल्या पॅटिसचीच आहे : बाहेर पारी, आत सारण. आकार हा येथे गौण ठरतो, कारण नाव रचनेला दिलेले आहे.

शब्दाचा प्रवास या तर्काला बळ देतो. लॅटिनमधील ‘पास्ता’ म्हणजे मळलेले पीठ; त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये पिठाच्या कवचात मांस भरून भाजलेल्या पदार्थाला ‘पास्ते’ म्हणू लागले, पुढे त्यातला ‘स’ गळाला आणि ‘पाते’ उरले. इंग्रजांनी त्याचेच ‘पॅटी’ केले आणि त्यांच्याकडे त्याचा पहिला अर्थ ‘पिठाच्या कवचाचा लहान, भरलेला पदार्थ’ असाच होता. चपट्या वडीचा अर्थ बराच नंतरचा आहे. इंग्रजीतले अनेकवचन मराठीने एकवचन म्हणून उचलले, जसे ‘चिप्स’चे झाले, आणि ‘एक पॅटिस, चार पॅटिस’ अशी अविकारी गणना रूढ झाली.

या मताला प्रतिस्पर्धी आहे आणि वर्सोव्यात तर त्याचा दावा विशेष आकर्षक वाटतो. वर्सोवा, म्हणजे तेथील कोळी ज्याला वेसावे म्हणतात ते गाव, आणि खाडीपलीकडचा मढचा किल्ला 1739 पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. वसईच्या मोहिमेत ते मराठ्यांकडे आले आणि 1774 च्या अखेरीस साष्टी बेटाबरोबर इंग्रजांकडे गेले. पोर्तुगीज भाषेत भरलेल्या पदार्थाला ‘पास्तेल’ म्हणतात आणि त्याचे अनेकवचन ‘पश्तैश’च्या जवळचे आहे. ज्या किनाऱ्याने ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून घेतला, त्याने पॅटिसही तेथूनच घेतले असेल, असे कोणी म्हटले तर ते प्रथमदर्शनी पटते.

तरीही हा दावा एका अक्षरावर अडतो. पोर्तुगीजांचा हा शब्द जेथे गेला, तेथे ‘त’च्या आधीचा ‘स’ टिकला. इंडोनेशियात करंजीसारख्या तळलेल्या, भरलेल्या पदार्थाला आजही ‘पास्तेल’च म्हणतात. तो ‘स’ गाळण्याचे काम फ्रेंचांनी केले, आणि मराठी ‘पॅटिस’मध्ये तो नाही; शब्दाच्या शेवटी आहे तो ‘स’ इंग्रजी अनेकवचनाचा. त्यातून ‘पॅ’ हा उच्चार मराठीत मुख्यतः इंग्रजी शब्दांबरोबर आलेला आहे. बंगालीतही हा पदार्थ ‘प्यॅटिस’ याच नावाने विकला जातो, तेव्हा या नावाचे पोर्तुगीज साष्टीशी खास नाते मानण्याचे कारण उरत नाही. पोर्तुगीज पक्षाला देता येईल ते एवढेच, की ‘पास्तेल’ आणि ‘पॅटिस’ ही एकाच आजीची नातवंडे आहेत, आणि उपासाच्या पॅटिसची पारी ज्याची होते तो ‘बटाटा’ हा शब्द निर्विवादपणे पोर्तुगीजांकडून आलेला आहे.

मैद्याची जागा बटाट्याने का घेतली, हा या कुळकथेतला खरा मोलाचा प्रश्न आहे. मराठी स्वयंपाकघरात चूल होती, तवा होता, कढई होती, पण चहूबाजूंनी उष्णता देणारी भट्टी नव्हती. ती बेकरीवाल्याकडे होती. भरलेला, कवचाचा पदार्थ घरी करायचा तर कवच तव्यावर किंवा तेलात शिजणारे हवे, आणि उकडून कुस्करलेला बटाटा हाताने वळतो, सारण धरून ठेवतो व आधीच शिजलेला असतो. या संक्रमणाचा दुवा गोव्यातील आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत हयात आहे. ईस्ट इंडियन हे नाव मुंबई परिसरातील मूळच्या ख्रिस्ती समाजाने 1887 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी स्वीकारले. या घरांतील ‘पोटॅटो चॉप’ म्हणजे बटाट्याच्या पारीत मसालेदार खिमा भरून, रव्यात किंवा पावाच्या चुऱ्यात घोळवून तव्यावर परतलेला पदार्थ. खिम्याच्या जागी नारळ आला आणि चुरा गळाला की उपासाचे पॅटिस तयार होते. कटलेटमध्ये सगळे जिन्नस एकत्र कालवतात, पॅटिसमध्ये आत-बाहेर असा भेद राखतात, हा फरक मराठी गृहिणींनी इंग्रजांपेक्षाही चोख सांभाळला आहे.

रगडा पॅटिस या सिद्धान्ताला छेद देते, कारण त्यात बहुधा सारण नसते. येथे असे मानणे सयुक्तिक ठरेल की गाडीवरच्या घाईत सारण भरण्याचे काम सुटले आणि वाटाण्याचा रगडा सारणाऐवजी वरून ओतला गेला. नाव मात्र जुनेच राहिले.

भट्टीतल्या पॅटिसचे पापुद्रे हे या घराण्याचे दुसरे अंग. मैद्याच्या कणकेत लोण्याचा थर ठेवून ती लाटायची, तिची तिहेरी घडी घालायची आणि हे सहा वेळा केले की लोण्याचे 729 थर होतात; भट्टीत कणकेतल्या पाण्याची वाफ होऊन ती थर उचलते. तूप व तांदळाचे पीठ फेसून केलेला साटा पोळ्यांमध्ये पसरून चिरोटे आणि साट्याच्या करंज्या करणाऱ्यांना यातले तत्त्व नवे नव्हते. अडचण हवेची होती. लोणी 32 ते 35 अंशांना वितळते आणि मुंबईच्या उन्हाळ्यात ते लाटतानाच कणकेत मुरते. वनस्पतिजन्य तेलापासून कारखान्यात घट्ट केलेल्या वनस्पती तुपाने ती अडचण दूर केली. शिवडीच्या कारखान्यातून 1930 च्या दशकात ते निघू लागले आणि 1937 पासून ‘डालडा’ नावाने घरोघरी पोहोचले. खारी आणि पॅटिस स्वस्त व सार्वत्रिक झाले ते या तुपामुळे, असे मानायला जागा आहे. त्याच तुपातील अपायकारक ट्रान्स फॅटवर जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आली आणि बेकऱ्यांना स्निग्धांश पुन्हा निवडावा लागला.

आता घरोघरी विजेच्या लहान भट्ट्या आल्या आहेत आणि लाटलेली, गोठवलेली पारी दुकानात मिळते, त्यामुळे वर्सोव्यातील घरगुती पार्टीसाठी मैद्याचे पॅटिस बेकरीतून न आणता घरी भाजणे शक्य झाले आहे. सारण कोळंबीचे असो वा बटाट्याचे, ते पूर्ण कोरडे आणि थंड असावे लागते, कारण ओल्या सारणाने तळाची पारी भिजते आणि गरम सारणाने थरांतले लोणी भट्टीत जाण्यापूर्वीच वितळते. कडा पाण्याने चिकटवून, वरून अंडे किंवा दूध लावून, 200 अंशांना रंग येईपर्यंत भाजावे.