पेटीतला भुंगा

आमच्या सांगलीच्या मामांनी 2019च्या महापुरात टीव्ही, सोफा सगळं खाली सोडून आधी रेकॉर्ड्सची खोकी माळ्यावर नेली. मामींनी त्यांना अजून माफ केलेलं नाही! त्यानंतर "आता या कृष्णेपासून लांब ने" म्हणत त्यांनी ती खोकी साताऱ्यात आजीकडे पाठवली. टर्नटेबल मी जोडलं. पहिली एलपी अर्थातच अब्दुल करीम खाँसाहेबांची. सुई टेकली आणि तंबोऱ्याच्या आधी ऐकू आलं ते 'घुंऽऽऽ'. आजी आतून म्हणाली, "अरे, त्या पेटीत भुंगा शिरलाय."

सॉफ्टवेअरवाल्याला असा बग मिळाला की वीकेंड गेलाच म्हणायचा. पण शोधता शोधता हा भुंगा आला कधी, याचाच इतिहास सापडत गेला. तोच आज लिहितोय.

गेसबर्ग नावाचा माणूस यंत्रं घेऊन कलकत्त्यात आला 1902 साली. गौहरजानचं पहिलं ध्वनिमुद्रण त्याच वर्षीचं. तेव्हा या सगळ्या प्रकारात वीज नव्हतीच. गायकाने कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं, आवाजाच्या दाबाने पडदा हलायचा आणि पडद्याची सुई मेणात खाच कोरायची. घरी ऐकतानाही तेच उलट. चावी द्या, कर्णा लावा. खरखर भरपूर, पण भुंगा शून्य. 

मग 1925च्या सुमारास अमेरिकेत मायक्रोफोन आणि ॲम्प्लिफायर वापरून विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. खाँसाहेबांच्या 1930च्या दशकातल्या गाजलेल्या तबकड्या या नव्या पद्धतीच्या. त्यांचा तो नाजूक, टोकदार स्वर कर्ण्याच्या काळात कितपत पकडला गेला असता, शंकाच आहे. खाँसाहेब मूळचे कैरान्याचे, पण राहिले मिरजेत. 1937 साली दक्षिणेत प्रवासात गेले, पण त्यांना दफन केलं ते मिरजेच्याच मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात. ज्या मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 साली जीआय मिळालं, तीच ही मिरज. 

म्हणजे गाणं विजेवर मुद्रित होऊ लागलं, पण खेड्यापाड्यात ऐकणारा बराच काळ चावीच फिरवत होता. आपल्या भागातलं मोठं वळण म्हणजे कोयना. पाटण तालुक्यात धरण, सह्याद्री पोखरून बोगदा आणि पलीकडे पोफळीला डोंगराच्या पोटात वीजगृह. 1962 साली तिथून वीज सुरू झाली. आपली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावे खाते (अमेरिकेत 60). भुंग्याचा सूर नेमका तोच, 50 आणि त्याची दुप्पट 100. थोडक्यात, खाँसाहेबांच्या षड्जाशी काही देणंघेणं नसलेला एक दुसरा तंबोरा घरोघरी वाजायला लागला.

तरी जुन्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये तो फारसा जाणवायचा नाही. त्यांच्यातला क्रिस्टल पिकअप अर्धा-एक व्होल्ट द्यायचा. नंतरचे मॅग्नेटिक पिकअप देतात जेमतेम 5 मिलिव्होल्ट, म्हणजे शंभरेक पटीने कमी. भर म्हणून रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो, नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील. ऐकताना तो परत वाढवायचा. हे प्रमाण 1954च्या सुमारास ठरलं, त्याला आरआयएए म्हणतात. त्यात 50 हर्ट्झचा आवाज मधल्या स्वरांच्या तुलनेत जवळजवळ 7 पट वाढतो. भुंग्याला पायघड्याच!

आता डीबगिंग. आवाज कमी केला, भुंगाही कमी झाला. म्हणजे तो व्हॉल्यूमच्या बटणाआधीच शिरतोय. सीडी लावली, भुंगा गायब. म्हणजे ॲम्प्लिफायर ठीक. टर्नटेबलच्या मागे एक बारीक हिरवी वायर लोंबत होती, ती ॲम्प्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूला आवळली. भुंगा निम्मा झाला. (बहुतेकांचा प्रॉब्लेम इथेच संपतो, आधी ही वायर बघा.) रेकॉर्ड्स कॉपी करायला जोडलेल्या कॉम्प्युटरची केबल काढली, तर उरलेलाही गेला! केबल लावली की हजर.

मित्राने फोनवर सांगितलं, "कॉम्प्युटरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाक, लूप तुटेल." पक्कड हातात घेतली होती, खोटं कशाला बोलू. पण कॉलेजात शिकलेलं थोडं आठवलं आणि आधी टेस्टर अर्थच्या भोकात घातला.

टेस्टर पेटला.

मल्टीमीटर लावला, अर्थ आणि न्यूट्रलमध्ये 110 च्या आसपास व्होल्ट! कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून थोडा करंट फिल्टरवाटे अर्थमध्ये झिरपतच असतो. जमिनीत जायला वाट असेल तर कळतही नाही. इथे वाटच नव्हती, म्हणून तो ऑडिओ केबलमधून खाँसाहेबांना भेटायला येत होता. वायरमनने परसातला अर्थिंगचा खड्डा उकरला. मीठ-कोळशाची माती खडखडीत कोरडी आणि पाईपला जोडलेली तार गंजून तुटलेली. किती वर्षांपासून, देव जाणे.

त्याच तारेवर आजीचा गीझर होता. रोज पहाटे पाच वाजता ओल्या हाताने नळ सोडते ती.

गीझरमध्ये बिघाड झाला नव्हता म्हणून आत्तापर्यंत निभावलं, एवढंच. मी पिन कापली असती आणि भुंगा गप्प झाला असता, तर खड्ड्याकडे कोणी बघितलंच नसतं.

नवीन अर्थिंग झालं, ईएलसीबी पण बसवला. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायचं काम आजीने स्वतःकडे घेतलंय, तुळशीबरोबर. रविवारी संध्याकाळी परत तीच एलपी लावली. आधी थोडी खरखर, मग तंबोरा, मग खाँसाहेब. आजी दारात उभी राहून ऐकत होती. 

"गेला का रे भुंगा?"

गेला. पण आला होता ते बरं झालं. तुमच्याही घरी एकदा टेस्टर लावून बघाच.