टाके ते टँकर

तेलाच्या महाकाय जहाजाला वर्तमानपत्रे 'तेलवाहू' म्हणतात. मला 'टँकर' जास्त जवळचा वाटतो, कारण त्याच्या मुळाशी बहुधा आपलेच 'टाके' आहे. सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर व्यापाराला आलेल्या इंग्रजांच्या लिखाणात पाण्याच्या साठ्यासाठी 'टँक' दिसू लागतो. त्यांच्या कानांवर मराठी 'टाके' आणि गुजराती 'टांकुं' पडत होते, तसाच पोर्तुगीजांचा 'तांक'ही. 1886 साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात हे दोन्ही धागे नोंदलेले आहेत. एकाला धरून दुसऱ्याला बाद करावे, असे मला वाटत नाही.

धाग्यांचे अर्थ मात्र निराळे. पोर्तुगीज शब्दामागे वाहते पाणी अडवण्याची कल्पना आहे. आपल्या टाक्याचा संबंध 'टंक'शी, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीशी लावतात. मूर्तीवर घाव घालणारी टाकी ती हीच. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी अशीच कातळात कोरलेली. कान्हेरीच्या शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. तो शब्द आपण गमावला, याची हळहळ वाटते.

त्याच 1886 मध्ये न्यूकॅसलला 'ग्लुकआउफ' हे जहाज पाण्यात उतरले. तोवर समुद्रापार जाणारे खनिज तेल बहुतेक पिंपांत भरून नेत. या जहाजाने ते थेट आपल्या पोटात, खण पाडून, घेतले. इंजिन मागच्या टोकाला गेले, म्हणजे आग तेलापासून दूर राहिली आणि पंख्याचा दांडा टाक्यांमधून न्यावा लागला नाही. जहाजच टाके झाले.

दोन लाख टनांहून अधिक भार वाहणाऱ्या आजच्या टँकरची लांबी सुमारे 330 मीटर असते आणि त्यात वीस लाख बॅरल तेल मावते. टाके अर्धवट भरले तर जहाज कलताच तेल त्याच बाजूला धावते आणि ते आणखी कलवते. म्हणून पोटात उभ्या-आडव्या भिंती घालतात आणि टाकी जवळजवळ काठोकाठ भरतात. इथे पोर्तुगीज धाग्यातले 'अडवणे' शब्दशः खरे होते. 'एक्सॉन वाल्डेझ' या टँकरच्या 1989 मधील तेलगळतीनंतर नियम बदलले आणि बाहेरचे कवचही दुहेरी झाले. मागे बहुधा एकच अजस्र टू-स्ट्रोक डिझेल इंजिन असते. ते गिअरशिवाय थेट पंखा फिरवते, मिनिटाला जेमतेम सत्तर-ऐंशी फेरे. सुमारे दहा मीटर व्यासाचा पंखा असा सावकाश फिरला की कमी इंधनात जास्त रेटा मिळतो.

जहाजातून पिंपे गेली, मोजमापातून गेली नाहीत. तेल आजही बॅरलमध्ये मोजतात. जहाजाचा भार ज्या टनात सांगतात, तो टनही मुळात दारूच्या मोठ्या पिंपाचे नाव. आणि आपले 'पिंप' पोर्तुगीज 'पीपा'वरून आलेले.