संगणकाचं तापलेलं डोकं

संगणकाचा इतिहास सांगायला बसलं, की माणसं वेगाची गोष्ट सांगतात. अमुक साली सेकंदाला इतक्या बेरजा, तमुक साली तितक्या. मी आज त्याच यंत्रातल्या एका पंख्याची गोष्ट सांगणार आहे. टेबलाखालचा संगणक सुरू केला, की घरघर ऐकू येते. ती बहुतेक वेळा त्याच्या प्रोसेसरवर बसवलेल्या पंख्याची असते. आपल्याकडे त्या सगळ्या पेटीलाच 'सीपीयू' म्हणायची पद्धत पडली आहे. खरा सीपीयू म्हणजे आतली नखाएवढी सिलिकॉनची चिप. तिच्या अंगावर आज अब्जावधी सूक्ष्म स्विच असतात आणि ते सेकंदाला कोट्यवधी वेळा उघडझाप करतात. प्रत्येक उघडझापीला थोडी वीज लागते आणि हिशेब करून झाला, की ती जवळजवळ सगळीच उष्णता होऊन बाहेर पडते. ६५ वॉटचा प्रोसेसर म्हणजे ६५ वॉटचा तापलेला दिवाच, फक्त उजेड नसलेला. ही उष्णता काढायची कुठे, हा प्रश्न संगणकाच्या जन्माइतका जुना आहे.

१९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 'एनिॲक' हे यंत्र जगाला दाखवण्यात आलं. त्यात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या. ज्यांनी जुने रेडिओ पाहिले आहेत त्यांना त्या 'व्हॉल्व्ह' म्हणून आठवतील. त्या मंद लालसर पेटायच्या आणि हात लावला तर चटका बसायचा. अशा १८ हजार. यंत्राला वीज लागे सुमारे १५० किलोवॉट, आणि तिच्यातली २० किलोवॉट केवळ हवा खेळवणाऱ्या पंख्यांवर खर्च होई. म्हणजे संगणकाच्या पहिल्या पिढीतच, विचार करायला लागणाऱ्या विजेचा एक वाटा डोकं गार ठेवण्यावर जात होता. आवाजाबद्दल कोणी तक्रार केली का, ते कोणाला विचारायचं? एवढं मोठं यंत्र म्हटल्यावर ते गर्जणारच, असं त्या काळी सगळे धरून चालत असणार.

आपल्या मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असंच एक यंत्र घडलं. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण इंजिनिअरांनी बांधलेलं ते यंत्र १९६० मध्ये चालू झालं आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफरॅक' असं नामकरण केलं. त्यात सुमारे २,७०० नळ्या होत्या. एनिॲकपुढे लहानच, तरी मुंबईच्या दमट उकाड्यात २,७०० नळ्या पेटवून बसायचं म्हणजे काय, याची कल्पना येईल.

नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, तेव्हा वाटलं की उष्णतेची कटकट संपली. पण माणसाने एकाच्या जागी हजार ट्रान्झिस्टर बसवले आणि उष्णता परत आली. सीमूर क्रे यांच्या १९७६ च्या 'क्रे-१' या महासंगणकात फ्रिजमधल्यासारखा फ्रिऑन नळ्यांतून फिरवावा लागे. १९८५ च्या 'क्रे-२' मध्ये तर सगळ्या चकत्याच एका वीजरोधक द्रवात बुडवलेल्या होत्या. ही श्रीमंत यंत्रांची गोष्ट झाली. घरातल्या संगणकाची गोष्ट गरिबीतून सुरू होते, आणि म्हणून शांतपणे सुरू होते. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये प्रोसेसर उघडाच बसलेला होता. त्याच्या डोक्यावर ना पत्रा ना पंखा. पंखा होता तो फक्त वीजपुरवठ्याच्या डब्यात.

तो एकुलता पंखाही ज्याला सहन होत नव्हता असा एक माणूस होता, ॲपलचा स्टीव्ह जॉब्स. पंख्याची घरघर म्हणजे यंत्रातला दोष, असं तो मानत असे. मला यात त्याचा कान दिसतो. पण कान असणं वेगळं आणि उष्णतेची सोय लावणं वेगळं. १९८० मध्ये आलेल्या 'ॲपल थ्री'मध्ये त्याच्या आग्रहाने पंखा नव्हता. यंत्रं बिघडू लागली, आतल्या चिप जागेवरून ढिल्या होऊ लागल्या, आणि गिऱ्हाइकांना सल्ला मिळू लागला, की यंत्र टेबलावरून दोन-तीन इंच उचला आणि सोडून द्या, म्हणजे चिप परत बसतील! चिप ढिल्या होण्यामागे उष्णता किती आणि इतर दोष किती, यावर ते यंत्र घडवणाऱ्यांतही नंतर वाद झाले. तरी जॉब्सचा हट्ट सुटला नाही. १९८४ चा मॅकिंटॉशही बिनपंख्याचा आणि २००० सालचा 'क्यूब'ही बिनपंख्याचा. गरम हवा आपोआप वर जाईल अशी त्याची रचना होती. वर्षभरात तो बाजारातून मागे घेतला गेला. गंमत अशी, की त्याच कंपनीच्या २००२ सालच्या एका पॉवर मॅकला वापरणाऱ्यांनी 'विंड टनेल' असं नाव ठेवलं, इतका तो घोंघावत असे.

या मधल्या काळात काय झालं होतं? १९९३ मध्ये इंटेलचा पेंटियम आला आणि प्रोसेसरच्या डोक्यावर पत्र्यांची जाळी आणि तिच्यावर छोटा पंखा ही जोडी घरोघर पोचली. या जाळीला हीटसिंक म्हणतात. काम साधं : चिपची उष्णता धातूत पसरवायची आणि पंख्याने ती हवेत उडवायची. मग इंटेल आणि एएमडी यांच्यात गिगाहर्ट्झची शर्यत लागली. वेग वाढला तशी उष्णता वाढली, आणि तिच्यावर उपाय एकच : पंखा आणखी जोरात फिरवा. २००१ च्या सुमारास साठ मिलिमीटरचे, मिनिटाला ७,००० फेऱ्या घेणारे पंखे हौशी लोक विकत घेऊन बसवत. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलचा जसा काहींना अभिमान वाटतो तसाच तो प्रकार, आवाज हाच ताकदीचा पुरावा. त्याच वर्षी एका तपासणीत चालू प्रोसेसरवरचा हीटसिंक मुद्दाम काढून पाहिला गेला. इंटेलचा पेंटियम फोर आपोआप मंदावला; एएमडीच्या ॲथलॉनने मात्र काही क्षणांत धूर सोडून प्राण सोडला. त्याचं चित्रीकरण जगभर फिरलं.

त्याच २००१ मध्ये इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी अभियंत्यांच्या परिषदेत इशारा दिला होता, की असंच चालत राहिलं तर चिपच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागची उष्णता अणुभट्टीच्या, मग रॉकेटच्या नळकांड्याच्या आणि पुढे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पंगतीला जाऊन बसेल. तीन वर्षांत त्यांच्याच कंपनीला याचा अनुभव आला. २००४ च्या पेंटियम फोरची चिप होती जेमतेम एक चौरस सेंटिमीटरभर आणि तिच्यातून १०० वॉटपेक्षा जास्त उष्णता निघे. इस्त्रीच्या तळाशी तुलना केली, तर जागेच्या मानाने हे कितीतरी पट जास्त भरतं. त्या वर्षी इंटेलने पुढचा 'तेजस' नावाचा प्रोसेसर रद्द केला आणि चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम फोरचा बेतही सोडला. तेजस! नाव आपल्याकडचं वाटावं असं, आणि गेला तो तेजानेच.

हे का झालं, ते थोडक्यात सांगतो. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान करताना विजेचा दाबही त्याच प्रमाणात उतरवला, तर चिप जास्त तापत नाही. तीसेक वर्षं हा हिशेब जमला. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले, की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली; दाब आणखी उतरवता येईना. त्यामुळे एकाच डोक्याला जास्त पळवण्याऐवजी दोन डोकी बेताने चालवायची वाट धरली गेली. २००६ चा 'कोअर टू ड्युओ' बहुतेक रूपांत ६५ वॉटवर आला. आज आपण 'ड्युअल कोअर', 'ऑक्टा कोअर' म्हणतो त्यामागे ही उष्णतेची भिंत आहे.

पंखेवाल्यांनी मात्र आपल्या बाजूने वेगळी वाट शोधली होती, आणि मला तीच जास्त सुंदर वाटते. पंख्याचा एक नियम आहे : फेऱ्या दुप्पट केल्या तर हवा दुप्पट मिळते, पण आवाजाची ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. उलट पंख्याचा व्यास दुप्पट केला, तर तेवढ्याच फेऱ्यांत आठपट हवा. म्हणजे ७,००० फेऱ्यांनी किंचाळणाऱ्या छोट्या पंख्याइतकी हवा १२० मिलिमीटरचा पंखा हिशेबाने हजारापेक्षा कमी फेऱ्यांत देतो. छताच्या पंख्याला हे आपण कधीचं करू देतो. मोठी पाती, संथ चाल. पण मोठ्या संथ पंख्याची हवा जोर करत नाही, म्हणून पत्रे विरळ हवेत, विरळ पत्रे म्हणजे जास्त उंची, आणि उष्णता तेवढ्या उंचीवर चढवायची कशी? भरीव तांब्याला ते जमत नाही.

इथे कामाला आली हीट पाइप. १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती घडवली. तशाच कल्पनेचं पेटंट त्याआधी जनरल मोटर्सच्या एका अभियंत्याने घेतलेलं होतं. अवकाशयानांत ती आधी रुळली. दोन्ही तोंडं बंद केलेली तांब्याची नळी, आतली हवा काढून टाकलेली, आणि थोडंसं पाणी. हवेचा दाब नसल्यामुळे ते पाणी थोड्या उबेवरही वाफ होतं. वाफ होताना ते चिपजवळची उष्णता घेतं, वर गार टोकाला जाऊन परत पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या तांब्याच्या सच्छिद्र थरातून झिरपत खाली येतं. अत्तराच्या भट्टीत भपक्यात वाफ जमते तसंच हे, फक्त सुगंध नाही आणि भट्टी कधी विझत नाही. मोटर नाही, आवाज नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत अशा नळ्यांवर पत्र्यांचे मजले चढवलेले 'टॉवर' कूलर बाजारात आले.

पंखा हा शब्द पंखावरून आला. हवा आणि आवाज हे मात्र आपल्याला फारसीच्या वाटेने मिळाले. पंख आवाज न करता हवा कापू शकतो, हे घुबडाला माहीत होतं. १९३४ मध्ये इंग्लंडात ग्रॅहम नावाच्या अभ्यासकाने घुबडाच्या पिसांचा शोध घेऊन तीन गोष्टी नोंदवल्या : पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते, मागच्या कडेला झालर आणि वर मखमली लव. पंख्याची पाती घडवणारे आजही या पिसांकडे वळून बघतात. २००५ मध्ये सुरू झालेल्या एका ऑस्ट्रियन कूलर कंपनीने तर नावच 'नॉक्टुआ' घेतलं. लॅटिनमध्ये लहान घुबड, म्हणजे आपल्या पिंगळ्याचा चुलतभाऊ. आता पिंगळा किती बडबड्या, हे ज्यांच्या दाराशी चिंचेचं झाड आहे त्यांना विचारा. पण ते असो. त्यांचा २०१४ चा मोठा कूलर म्हणजे सहा हीट पाइप, १४० मिलिमीटरचे दोन पंखे, पंख्यांसकट सव्वा किलोच्या वर वजन, आणि कंपनीच्या मोजणीनुसार आवाज पंचवीस डेसिबलच्या आत.

आमच्या सोलापूरसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. हवेवर चालणारा कुठलाही कूलर चिपला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. युरोपातल्या वीस अंशांच्या खोलीतली बढाई आमच्या एप्रिलमध्ये चालत नाही. खोलीच चाळीसच्या घरात असते आणि नव्वदीच्या पुढे गेलं, की प्रोसेसर स्वतःला मंद करू लागतो. माझा जुना संगणक रात्री कविता टाइप करायला बसलो, की ऐकू येईल इतका ओरडे. नवा घ्या, असाच सल्ला सगळीकडून मिळे. आमच्या गल्लीतल्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पोराने पेटी उघडली, धूळ फुंकली आणि म्हणाला, "चाचा, मशीन चांगलं आहे. पेस्ट वाळलीय, अन् पंखा बिचारा जीव तोडून पळतोय." ही पेस्ट म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या अदृश्य खाचा भरणारा लेप. खाचांत हवा राहिली तर उष्णता पुढे सरकत नाही. त्याने जुना लेप पुसला, वाटाण्याहून लहान ठिपका लावला आणि छोट्या कूलरच्या जागी दोनेक हजारांचा टॉवर बसवला. बसवण्याआधी पेटीत तेवढी उंची आहे का, ते पट्टीने मोजलं. स्क्रू एका बाजूचा पूर्ण न पिळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, सायकलच्या चाकाच्या ताराही अशाच आवळतात. आधी कामात नव्वदीला टेकणारं तापमान आता सत्तरीच्या आत राहतं. पंखा चार तारांचा आहे, त्यामुळे काम नसलं की आपण होऊन संथ होतो. ही चार तारांची सोयसुद्धा २००४ च्या त्या तापलेल्या वर्षांतलीच.

आज बिनपंख्याचे लॅपटॉप मिळतात; ॲपलने २०२० मध्ये काढलेल्या स्वतःच्या चिपवर तसा एक चालवून दाखवला. उष्णता मात्र दुसरीकडे गोळा होते आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी एनव्हिडियाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या एका कपाटाला सुमारे १२० किलोवॉट लागतात, जवळजवळ एका एनिॲकएवढे, आणि ते पाण्याने गार करावं लागतं. अशा संगणकांची मोठी गोदामं नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या पट्ट्यात उभी राहिली आहेत. हवेवर चालणाऱ्या दालनांत काम करणारे कानांवर संरक्षक चढवतात. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात अशा गोदामांशेजारच्या वस्त्यांनी गेल्या काही वर्षांत तक्रारी केल्या, त्या छपरावरच्या पंख्यांच्या अखंड घरघरीविरुद्ध होत्या.