‘रूल ऑफ थम्ब’: एका इंग्रजी वाक्प्रचाराची व्युत्पत्ती, दंतकथा आणि इतिहास

प्रस्तावना

‘रूल ऑफ थम्ब’ हा इंग्रजी वाक्प्रचार आपल्या महाविद्यालयीन व्यवहारात सर्रास ऐकू येतो. संख्याशास्त्राचे प्राध्यापक नमुन्याचा आकार सुचविताना, अर्थशास्त्राचे प्राध्यापक एखाद्या वृद्धिदराचा अंदाज बांधताना त्याचा सहज वापर करतात. काटेकोर गणिताऐवजी अनुभवातून सिद्ध झालेला, बहुतेक वेळा उपयोगी पडणारा ढोबळ नियम, असा त्याचा अर्थ होय. मराठीतील ‘ठोकताळा’ हा शब्द या अर्थाच्या पुष्कळच जवळ जातो.

या निरुपद्रवी वाक्प्रचाराच्या उगमाविषयी मात्र गेल्या अर्धशतकात एक कथा रूढ झाली आहे. जुन्या इंग्रजी कायद्यानुसार नवऱ्याला बायकोस मारण्याची मुभा होती. अट एवढीच की, काठी त्याच्या अंगठ्यापेक्षा जाड नसावी. आणि या अटीवरूनच ‘रूल ऑफ थम्ब’ हा शब्दप्रयोग आला, असे सांगितले जाते. ही व्युत्पत्ती पुराव्यावर टिकत नाही. तथापि तिच्या मागे उभा असलेला स्त्रियांवरील अन्यायाचा इतिहास खोटा नाही. या दोन विधानांतील भेद स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वाक्प्रचाराचे प्राचीन वापर

व्युत्पत्तीच्या अभ्यासात पहिला प्रश्न कालक्रमाचा असतो. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक जेम्स डरहॅम १६५८ मध्ये निवर्तले. त्यांची प्रवचने १६८५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत केवळ अंदाजाने इमारत उभारणाऱ्या अडाणी गवंड्यांच्या दृष्टांतात हा शब्दप्रयोग आढळतो. १६९२ मध्ये सर विल्यम होप यांनी तलवारबाजीवर लिहिलेल्या ग्रंथात शास्त्रोक्त विद्येच्या विरोधी अर्थाने त्याचा उपयोग केला आहे. १७२१ मध्ये जेम्स केली यांच्या स्कॉटिश म्हणींच्या संग्रहात तो म्हणीच्या रूपात येतो. गवंडीकाम, तलवारबाजी आणि लोकोक्ती या तिन्ही संदर्भांत अर्थ एकच आहे: मोजमाप न करता, सरावाच्या अंदाजाने केलेले काम. पत्नी, काठी अथवा कायदा यांचा तेथे मागमूसही नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे तिन्ही प्रारंभीचे उल्लेख स्कॉटिश लेखकांचे आहेत. स्कॉटलंडची कायदेपद्धती इंग्लंडच्या ‘कॉमन लॉ’हून वेगळी होती आणि १७०७ च्या एकीकरणानंतरही ती वेगळीच राहिली. ज्या वाक्प्रचाराचे आरंभीचे पुरावे स्कॉटलंडकडे बोट दाखवितात, त्याचा उगम इंग्रजी न्यायालयाच्या निर्णयात शोधणे तर्कदृष्ट्याही अवघड ठरते.

शरीराचा मोजपट्टी म्हणून वापर

अंगठ्याची रुंदी साधारणतः एक इंच भरते. फ्रेंच भाषेत ‘पूस’ आणि डच भाषेत ‘डाउम’ या शब्दांचा अर्थ अंगठा असा आहे आणि इंचासारख्या जुन्या मापासाठीही तेच शब्द वापरले जात. जर्मन भाषेत ढोबळ नियमाला ‘फाउस्टरेगेल’, म्हणजे मुठीचा नियम, असे म्हणतात. आपल्याकडेही अंगुळ, वीत, हात, चिमूट, मूठ, ओंजळ ही मापे शरीरावरूनच आली. कौटिलीय अर्थशास्त्रात मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाच्या मध्यभागाच्या रुंदीवरून अंगुलाचे माप सांगितले आहे. हाताशी साधन नसेल तेव्हा हातच साधन होतो, ही कारागिरांची रीत सार्वत्रिक आहे. ‘रूल ऑफ थम्ब’ची उपपत्ती याच रीतीतून लावणे अधिक सयुक्तिक आहे.

न्यायमूर्ती बुलर आणि व्यंगचित्र

मग काठीची कथा आली कोठून? तिचा धागा १७८२ पर्यंत मागे जातो. इंग्लंडचे न्यायाधीश सर फ्रान्सिस बुलर यांनी, अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने नवऱ्याने बायकोस मारणे कायदेशीर आहे, असे मत व्यक्त केल्याची वदंता त्या वर्षी पसरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्यंगचित्रकार जेम्स गिलरे यांनी बुलर यांना ‘जज थम्ब’ या नावाने, काठ्यांच्या मोळ्या विकताना दाखविले. बुलर यांनी असा निर्णय दिल्याची नोंद न्यायालयीन अहवालांत मिळत नाही. एकोणिसाव्या शतकात न्यायाधीशांची चरित्रे लिहिणारे एडवर्ड फॉस यांनाही त्यास भक्कम आधार सापडला नाही. येथेही लक्षणीय बाब अशी की, हे व्यंगचित्र निघाले तेव्हा वाक्प्रचार छापील स्वरूपात रूढ होऊन सुमारे एक शतक लोटले होते.

कायद्याचे वास्तव

वदंतेला आधार नसला, तरी ती लोकांना खरी वाटावी अशी कायद्याची परिस्थिती होती. विल्यम ब्लॅकस्टोन यांनी १७६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाष्यग्रंथाच्या पहिल्या खंडात, जुन्या कायद्याने पतीला पत्नीस ‘सौम्य’ शिक्षा करण्याचा अधिकार होता, असे नमूद केले आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या अधिकाराविषयी शंका घेतली जाऊ लागली, परंतु खालच्या वर्गातील लोक अजूनही तो सांगतात, असेही ते म्हणतात. त्यांच्या विवेचनात अंगठ्याचे माप मात्र नाही.

अंगठ्याचा उल्लेख न्यायनिर्णयांत आढळतो तो अमेरिकेत. १८२४ मध्ये मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने बुलर यांच्या तथाकथित मताचा निर्देश करून, निकडीच्या प्रसंगी पतीने मर्यादित शिक्षा करण्यास मान्यता दिली. त्याच न्यायालयाने ही भूमिका १८९४ मध्ये त्याज्य ठरविली.

नॉर्थ कॅरोलायनातील दोन खटले अधिक बोलके आहेत. १८६८ च्या ऱ्होड्स खटल्यात पतीने बोटाएवढ्या जाडीच्या छडीने पत्नीस तीन फटके मारले होते. छडी अंगठ्याहून बारीक होती, या कारणाने खालच्या न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने छडीच्या जाडीचा हा निकष अमान्य केला. इजा किती झाली हे पाहावे, छडीचा आकार नव्हे, अशी त्याची भूमिका होती. तरीही आरोपीची सुटका त्याने कायम ठेवली, कारण क्षुल्लक प्रकरणांत कुटुंबाच्या अंतर्गत कारभारात कायद्याने शिरू नये, असे त्यास वाटले. १८७४ च्या ऑलिव्हर खटल्यात तर अंगठ्याचा जुना सिद्धांत या राज्यात कायदा नाही, असे स्पष्ट सांगून पतीची शिक्षा कायम करण्यात आली. मात्र कायमची इजा अथवा क्रूरता नसेल, तर घरावर पडदा टाकलेला बरा, अशी पुस्तीही न्यायालयाने जोडली.

या निर्णयांचे खरे मर्म येथे आहे. ज्या न्यायालयाने अंगठ्याचे माप नाकारले, त्यानेच घराचा पडदा ओढून घेतला. त्या स्त्रियांना न्याय नाकारला गेला तो छडीची जाडी मोजल्यामुळे नव्हे, तर घरात पाहण्याचेच टाळल्यामुळे.

दंतकथेचा प्रसार

वाक्प्रचार आणि काठी यांची सांगड बरीच अलीकडची आहे. १९७६ मध्ये डेल मार्टिन यांनी मारहाण सोसणाऱ्या पत्नींविषयीच्या पुस्तकात अंगठ्याच्या सिद्धांताचा उल्लेख करताना शब्दखेळ म्हणून ‘रूल ऑफ थम्ब’ असे म्हटले. त्यांनी व्युत्पत्ती सांगितली नव्हती. वाचकांनी ती तशी घेतली. १९८२ मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाच्या अहवालाच्या शीर्षकातच हा वाक्प्रचार आल्याने समजूत अधिक दृढ झाली. १९९४ मध्ये हेन्री अँसगार केली यांनी विधिशिक्षणविषयक नियतकालिकातील लेखात या कथेचा सविस्तर माग काढला आणि व्युत्पत्ती निराधार असल्याचे दाखवून दिले.

त्यानंतर उलट दिशेची चूकही होऊ लागली. व्युत्पत्ती खोटी ठरताच पत्नीला मारण्यास कायद्याची संमती असल्याचा संपूर्ण इतिहासच बनावट आहे, असा सूर काही जण लावू लागले. ब्लॅकस्टोन यांचा ग्रंथ आणि वर उल्लेखिलेले न्यायनिर्णय हा निष्कर्ष खोडून काढतात.

समारोप

शब्दाची व्युत्पत्ती हा समाजाच्या अपराधाचा पुरावा म्हणून वापरण्याचा मोह स्वाभाविक आहे, कारण एका शब्दात सांगितलेली गोष्ट विद्यार्थ्यांच्या चटकन लक्षात राहते. परंतु सत्य घटनेला खोट्या व्युत्पत्तीचा टेकू दिला, तर टेकू निसटताच सत्यही डळमळीत भासू लागते. पुराव्याची खरी जागा न्यायनिर्णयांत आहे, वाक्प्रचारात नव्हे. ‘रूल ऑफ थम्ब’ची कथा वर्गात सांगावयाची असेल, तर ती दोन स्वतंत्र प्रकरणांत सांगावी लागेल: एक अंगठ्याने अंतर मोजणाऱ्या कारागिरांचे आणि दुसरे घरावर पडदा टाकणाऱ्या न्यायासनाचे. पहिल्या प्रकरणावरून दुसऱ्याविषयी निष्कर्ष काढणे, हाच इतिहासाच्या अभ्यासकाने टाळावयाचा ठोकताळा होय.