कॅलमॅझूच्या गिटारी कोणी घडवल्या?

गिटार तुम्ही सिनेमात तरी पाहिलीच असेल. कमरेत बारीक, लांब मानेची, सहा तारांची. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅलमॅझू नावाचं गाव आहे. तिथे गिब्सन कंपनीचा गिटारींचा मोठा कारखाना होता. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि कारखान्यातले कसबी पुरुष सैन्यात गेले. धातू शस्त्रांसाठी हवा, म्हणून वाद्यात तो किती वापरायचा यावरही सरकारने बंधन घातलं. कंपनी लढाईचं सामान बनवू लागली. युद्धात गिटारी बनवणं बंद होतं, असंच कंपनी पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली.

पण गिटारी तर विकल्या जात होत्या! १९४२ मध्ये तर ४५ डॉलरची नवी गिटार बाजारात आली. मग त्या घडवल्या कोणी? गावातल्या बायकांनी.

हे काम सोपं नव्हे. तंबोऱ्याचा भोपळा पोकळ असतो, तशी गिटारीची लाकडी पेटी पोकळ. तिची वरची फळी जेमतेम तीन मिलिमीटरची, आणि सहा पोलादी तारांचा ताण सत्तर किलोंहून जास्त. म्हणजे पोतंभर धान्य सतत ओढत असल्यासारखं. फळी वाकू नये म्हणून आतून बारीक लाकडी पट्ट्या चिकटवतात. पट्ट्या जाड राहिल्या तर आवाज कोंडतो, फार तासल्या तर फळी फुगते. हाताला ते कळावं लागतं. मग मान पेटीच्या खाचेत घट्ट बसवून सरसाने चिकटवायची. ती जरा जरी तिरकी बसली तर सूर कधीच नीट लागत नाही. नंतर पॉलिश पेपरने घासणं, मधे पिवळा आणि कडेला गडद होत जाणारा रंग फवारणं, त्यावर लॅकरचे हात. शेवटी घोडी, खुंट्या, तारा. धातू मिळेना तेव्हा काही गिटारींच्या मानेतली लोखंडी सळईसुद्धा गाळावी लागली, म्हणजे सगळी भिस्त लाकडावर आणि ते तासणाऱ्या हातांवर.

जॉन थॉमस या कायद्याच्या प्राध्यापकाला कारखान्यासमोर उभ्या असलेल्या बायकांचा युद्धकाळातला एक जुना फोटो दिसला. त्याने कंपनीच्या माल पाठवल्याच्या वह्या तपासल्या, तर युद्धकाळात जवळपास २५,००० वाद्यं बाहेर गेलेली! त्या कामगारांपैकी हयात असलेल्या म्हाताऱ्या बायकांना त्याने शोधून काढलं आणि २०१३ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं.

कंपनीने हे का लपवलं असेल? बायकांनी केलेली गिटार गिऱ्हाईक घेणार नाही, ही भीती असावी असं थॉमसला वाटतं. मलाही ते पटतं. सातबाऱ्यावर नाव नसताना शेतात राबणाऱ्या बाईला हे निराळं समजावून सांगायला नको.

थॉमसने आणखी एक केलं. युद्धकाळातल्या आणि इतर वेळच्या गिटारींचे त्याने एक्स-रे काढले. बायकांच्या हातच्या गिटारींचं आतलं काम जास्त नाजूक आणि सफाईचं आहे, असं त्याला दिसलं. संग्रह करणारे लोक आज त्याच गिटारी शोधत फिरतात.