हैदराबादची कोठी

खर्ड्याच्या लढाईची हकिकत आपण बहुधा पुण्याच्या बाजूने वाचतो. तिचा एक दूरचा परिणाम मात्र हैदराबादेत, मुसी नदीच्या उत्तर तीरावर, चुन्या-दगडांत उभा आहे. १७९५ साली मराठ्यांनी निजाम अलीचा पराभव केला, तेव्हा इंग्रज तटस्थ राहिले. निजामाने मग फ्रेंच कवायती पलटणींवर भिस्त ठेविली. पण १७९८ च्या तैनाती तहाने त्या मोडल्या आणि इंग्रजी फौज दरबाराच्या उशाशी येऊन बसली. हा तह जमविणारा जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक पुढे तेथील रेसिडेंट झाला, व १८०३ च्या सुमारास त्याने ही कोठी बांधावयास घेतली.

आराखडा मद्रासच्या लष्करी इंजिनियरांपैकी सॅम्युएल रसेल याचा. सहा उत्तुंग कॉरिंथियन खांब, त्यांवर त्रिकोणी शिरोभाग, पायऱ्यांच्या दोहों अंगांस सिंह. इंग्लंडातील एखाद्या जमीनदाराचा जॉर्जियन धाटणीचा वाडाच जणू शहराबाहेरच्या बागेत आणून ठेविला. पैसा मात्र निजामाचा! मोठा नकाशा पाहून निजाम बिचकला, तेव्हा कर्कपॅट्रिकने तोच लहानशा कागदावर उतरवून आणला आणि मंजुरी मिळविली, अशी गोष्ट माल्कमने नोंदविली आहे. ती खरी असो वा नसो, तैनाती फौजेचा पसाराही असाच वाढला.

मला स्वतःला या वास्तूचा इतिहास दर्शनी भागापेक्षा तिच्या मागच्या अंगणात अधिक दिसतो. कर्कपॅट्रिकने हैदराबादच्या उमराव घराण्यातील खैरुन्निसेशी मुसलमानी रीतीने विवाह केला होता. तिच्यासाठी त्याने ‘रंगमहाल’ नावाचा जनाना उठविला. पडद्यामुळे तिला कोठीचे मुख पाहता येईना, म्हणून तिची छोटी प्रतिकृती जनान्याच्या बागेत करविली, असे सांगतात. १८०५ मध्ये मुले विलायतेस रवाना झाली आणि त्याच वर्षी तो कलकत्त्यास वारला.

१७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अलाउद्दीन यांनी कोठीवर चाल केली, ती फसली. पुढे तीनेक वर्षांत रंगमहाल पाडण्यात आला. आपल्यातल्याच एकाने येथे हिंदी संसार थाटला होता, ही आठवण नंतरच्या साहेबांस सोसवली नसावी.

कोठीलगतचा रेसिडेन्सी बाजार १९३३ साली निजामाकडे परत गेला आणि सुलतान बाजार झाला. तेथील मराठी मंडळींस हा परिसर चांगला परिचित. १९४९ पासून कोठीत मुलींचे महाविद्यालय भरू लागले. जेथे एका स्त्रीस दर्शनी दाराशी येता आले नाही, त्या पायऱ्या विद्यार्थिनी चढू-उतरू लागल्या. अलीकडे वास्तूचा जीर्णोद्धारही झाला आहे. रंगमहालाचे मात्र एक प्रवेशद्वार आणि बागेतील ती इवलीशी कोठी एवढेच उरले आहे.