पात्रांची कौशल्ये पारखणारे संगणकीय साहाय्यक

इंटरनेटवर अनेक खेळाडू एकत्र येऊन जे खेळ खेळतात, त्यांतील प्रत्येक पात्राला काही ठरावीक कौशल्ये दिलेली असतात. कोणते कौशल्य आधी वाढवावे, त्याला कोणत्या साधनांची जोड द्यावी आणि प्रतिस्पर्ध्यापुढे त्याचा कितपत टिकाव लागेल, याचा हिशेब मांडून खेळाडूला सल्ला देणाऱ्या संगणक प्रणाली गेल्या काही वर्षांत प्रचारात आल्या आहेत. 'डोटा २' या खेळातील साहाय्यक प्रणाली हे त्याचे ठळक उदाहरण होय.

निवडीचा प्रश्न

अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने 'डोटा २' हा खेळ जुलै २०१३ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येकी पाच खेळाडूंचे दोन संघ असतात आणि प्रत्येक खेळाडू एका नायकाची निवड करतो. नायकांची संख्या सव्वाशेच्या घरात असून बहुतेकांकडे चार मुख्य कौशल्ये असतात. सामना पुढे सरकतो तसा नायक वरच्या पातळीवर जातो. दहाव्या, पंधराव्या, विसाव्या आणि पंचविसाव्या पातळीवर त्याच्यासमोर दोन पर्याय येतात व त्यांतील एक निवडावा लागतो. यामुळे शक्य असलेल्या क्रमांची संख्या इतकी वाढते की, ऐन सामन्यात त्यांचा विचार करणे नवख्या खेळाडूला जवळजवळ अशक्य होते.

आकडेवारीचा आधार

मार्च २०१८ मध्ये कंपनीने मासिक वर्गणीवर 'डोटा प्लस' ही सेवा सुरू केली. तिच्यातील साहाय्यक नुकत्याच झालेल्या लक्षावधी सामन्यांची नोंद तपासतो आणि नायकाची निवड, कौशल्यांचा क्रम व साधनांची खरेदी यांविषयी सामना चालू असतानाच सूचना करतो. खेळाडू ज्या दर्जाचा असेल, त्याच दर्जाच्या सामन्यांची आकडेवारी यासाठी विचारात घेतली जाते.

या पद्धतीला एक स्वाभाविक मर्यादा आहे. महागडे साधन घेणारा संघ बहुधा जिंकतो, असे आकडेवारीत दिसले तरी त्या साधनामुळेच विजय मिळाला, असे सिद्ध होत नाही. जो संघ आधीच आघाडीवर असतो, त्यालाच असे साधन परवडते. विजयाचे कारण आणि विजयाचे लक्षण यांत भेद न केल्यास सल्ला फसवा ठरू शकतो.

दुसरी पद्धत आभासी प्रयोगाची आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळासाठी 'सिम्युलेशनक्राफ्ट' हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरले जाते. त्यात पात्राची कौशल्ये व साधने यांची माहिती भरली असता एकच लढत हजारो वेळा घडवून प्रतिसेकंद होणाऱ्या आघाताची सरासरी काढली जाते. योगायोगाचा भाग सरासरीत विरून जावा, हा या पुनरावृत्तीचा हेतू होय. मात्र प्रत्यक्ष खेळाडूची चूक वा घाई या गणितात सहसा धरली जात नाही.

यंत्राचा विजय आणि त्याची मर्यादा

ओपनएआय या संस्थेने 'ओपनएआय फाइव्ह' ही प्रणाली स्वतःविरुद्ध सामने खेळवून तयार केली. १३ एप्रिल २०१९ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे तिने २०१८ चा विश्वविजेता संघ ओजी याचा २-० असा पराभव केला. त्यानंतर काही दिवस ती सर्वांसाठी खुली करण्यात आली असता सात हजारांहून अधिक स्पर्धात्मक सामन्यांपैकी ९९.४ टक्के सामने तिने जिंकले. तथापि या सामन्यांत केवळ १७ नायकांचा समावेश होता. तसेच कौशल्ये शिकण्याचा व साधने खरेदी करण्याचा क्रम प्रणालीने स्वतः शोधलेला नव्हता. तो माणसांनीच नियमांच्या स्वरूपात आखून दिला होता. युद्धातील हालचालींत जगज्जेत्यांना नमविणाऱ्या यंत्राने, साहाय्यक प्रणाली ज्याविषयी सल्ला देतात तो भाग माणसांकडून तयार घेतला होता, ही बाब लक्षणीय आहे.

खेळाडूचा दर्जा

पात्राचे कौशल्य आणि खेळाडूचे कौशल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. खेळाडूचा दर्जा ठरविण्याची प्रचलित रीत बुद्धिबळातून आली. अर्पाद एलो यांची गुणांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. पुढे मार्क ग्लिकमन यांनी 'ग्लिको' पद्धतीत गुणांकनाबरोबरच त्या गुणांकनाची विश्वासार्हताही मोजली. 'डोटा २' मध्ये एप्रिल २०२३ पासून याच पद्धतीवर आधारित गुणांकन लागू झाले.

साहाय्य आणि लबाडी

साहाय्य कोठे संपते आणि लबाडी कोठे सुरू होते, हा या क्षेत्रातील कळीचा प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने ४० हजारांहून अधिक खाती बंद केली. त्या खातेदारांनी वापरलेली बाहेरची सॉफ्टवेअर सामान्य खेळात न दिसणारी अंतर्गत माहिती वाचत होती. त्यांचा छडा लावण्यासाठी कंपनीने खेळाच्या प्रणालीत माहितीचा एक असा कप्पा ठेवला, जो नेहमीच्या खेळात कधीच वाचला जात नाही. ज्या खात्यांवरून तो वाचला गेला, त्यांच्यावर कारवाई झाली.

भारतातही हा विषय आता केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल ई-क्रीडा स्पर्धेत भारतीय संघाने 'डोटा २' मध्ये कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून ई-क्रीडा हा विषय युवक व्यवहार आणि क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत 'डोटा २' हा पदकाचा खेळ होता. ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली, तर ई-क्रीडेला मान्यता दिली.

जेथे पदक आणि देशाचा लौकिक पणाला लागतो, तेथे सर्व खेळाडूंना समान साधने मिळणे अगत्याचे असते. खेळाडूला स्वतःच्या डोळ्यांनी जे दिसते, त्यावरून दिलेला सल्ला हा अभ्यासाचा भाग मानता येईल. प्रतिस्पर्ध्याची झाकलेली माहिती उघड करणारे साधन मात्र, त्याला कोणतेही नाव दिले तरी, साहाय्यक ठरत नाही.